अकरा दुकानांचा फॉन्ट

अप्पा खोटं बोलायला लागले ते वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि हाडाचे हेडक्लार्क असल्यामुळे ते खोटंसुद्धा त्यांनी वहीत समास आखून, अनुक्रमांक टाकून, रीतसर बोलायला घेतलं. त्याआधी बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही खोटी रजा टाकली नव्हती. पोट बिघडलं तर पोट, ताप आला तर ताप, असं ते अर्जात खरं खरं लिहीत. एकदा तर 'आज कामावर येण्याचा कंटाळा आला आहे' असं लिहून त्यांनी साहेबांना भलत्याच पेचात टाकलं होतं. अशा माणसाने दीड महिन्यात अकरा खोटी दुकानं काढावीत, म्हणजे तसंच काहीतरी झालं असणार.

झालं ते एवढंच, की दादांचा हात कापायला लागला.

दादा म्हणजे अप्पांचे मोठे भाऊ. धंद्याने पेंटर, पण भिंती रंगवणारे नव्हेत, अक्षरं रंगवणारे. दुकानांचे बोर्ड, शाळांची नावं, ट्रकच्या पाठी, 'येथे वाहने उभी करू नयेत', सगळं त्यांच्या हातचं. कापडावर छापलेले बोर्ड आले तसं काम कमी होत गेलं, तरी अजून जुनी गिऱ्हाइकं अधूनमधून यायची. दादा अप्पांच्याच घरी मागच्या खोलीत राहत आणि गॅलरीत बसून लिहीत. अप्पांनी शिकावं म्हणून दादांनी सातवीत शाळा सोडली आणि एका पेंटरच्या हाताखाली रंग घोटायला लागले, ही गोष्ट घरात कोणी कधी बोलून दाखवत नसे. पण अप्पांना नोकरीतली खुर्ची मिळाली त्या दिवसापासून ती खुर्ची त्यांना जरा टोचतच आली होती.

डॉक्टरांनी तपासलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि सांगितलं, ''औषधाने वेग कमी होईल. थांबणार मात्र नाही. ब्रश किती दिवस धरता येईल ते आज सांगता येत नाही.''

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ''बाहेरच्या बोर्डावर 'दवाखाना'चा 'वा' किती आत ओढलाय बघ. श्वास कोंडलाय त्याचा.'' बाकी त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत.

अप्पांची झोप उडाली. हात जाणार म्हणजे अक्षर जाणार. बोर्ड काय, उन्हाने उडतात, दुकान बदललं की भंगारात जातात. दादांच्या हातचं एक अक्षर उद्या दाखवायचं म्हटलं तर कुठे दाखवणार? तेव्हा अप्पांच्या लेकीने, जी संगणकावर पुस्तकांची कव्हरं करते, तोडगा काढला. ''बाबा, आपण दादाकाकांच्या अक्षरांचा फॉन्ट करू. मोठ्या मथळ्यांचा, पाट्यांचा. त्यांनी एकेक अक्षर एकदा लिहायचं, मी ते संगणकात उतरवते. मग कोणीही, कुठेही, त्यांच्या अक्षरात हवं ते लिहील.''

''कायमचं?''

''कायमचं.''

अप्पा त्याच दिवशी बाजारातून जाड कागद घेऊन आले आणि त्यावर पट्टीने अठ्ठेचाळीस चौकोन आखले. लेक म्हणाली, जोडाक्षरं, मात्रा, आकडे धरून तीनशेच्या वर लागतील, पण मूळची अक्षरं आणि थोडी जोडाक्षरं मिळाली तर बाकीचं ती त्यांच्याच अवयवांतून जोडेल. अप्पांनी कागद दादांसमोर ठेवला.

''हे काय?'' दादा म्हणाले.

''यात एकेक अक्षर लिहायचं.''

''कोणाचा बोर्ड आहे?''

''बोर्ड नाही. नुसती अक्षरं.''

''गिऱ्हाईक कोण?''

''गिऱ्हाईक असं कोणी नाही, दादा.''

दादांनी कागद उलटा करून पाहिला, मागे तरी कोणाचं नाव असेल या आशेने. मग तो परत केला. ''अरे, अक्षर असं एकटं कोणी लिहितं का? 'क'चा हात किती लांब टाकायचा ते शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. आणि गिऱ्हाईक नसेल तर मी ब्रश कशाला भिजवू?''

हा काही तोरा नव्हता. पन्नास वर्षांत दादांनी रिकामटेकडं अक्षर एकही लिहिलेलं नव्हतं. स्वतःच्या खोलीच्या दारावर स्वतःचं नावसुद्धा नाही. गिऱ्हाईक यायचं, मजकूर सांगायचं, दादा लिहायचे, झालं. आता तुम्ही म्हणाल, अप्पांनी खरं कारण सांगून टाकायचं. पण खरं कारण सांगायचं म्हणजे 'दादा, तुझा हात जाणार आहे' हे वाक्य उच्चारायचं. ते वाक्य अप्पांनी तीनदा घशापर्यंत आणलं, आणि तीनदा त्यावर चहा पिऊन ते खाली ढकललं.

चौथ्या वेळी त्यांच्या तोंडून निघालं, ''दादा, एक ऑर्डर आलीय.''

अशी ती वही सुरू झाली. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात हवी असलेली अक्षरं, तिसऱ्यात ती अक्षरं ज्यात बसतील असं दुकान, चौथ्यात 'पूर्ण' किंवा 'प्रलंबित'. 'झ' आणि 'भ'साठी झगमग विद्युत भांडार. 'ळ'साठी खळखळ नळ दुरुस्ती. 'ठ'साठी ठसठशीत रबरी शिक्के. 'ऋ'साठी ऋतुरंग छत्री दुरुस्ती. 'षट्कोन खिळे व स्क्रू' ही कल्पना सुचली तेव्हा अप्पा खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आले. माणसाला आपल्यातली प्रतिभा अशी उतारवयात सापडली की ती आवरत नाही.

दादा मात्र गिऱ्हाईक म्हटलं की त्याची कुंडली मागणारे. दुकान कोणत्या रस्त्याला? तोंड कुठे? ऊन सकाळचं की दुपारचं? मालक गोरा की सावळा हेसुद्धा विचारत, कारण मालक बोर्डाखाली उभा राहिल्यावर रंग त्याला शोभला पाहिजे. अप्पांना प्रत्येक दुकानाला रस्ता, ऊन आणि मालक पुरवावा लागे, आणि काय पुरवलं ते लक्षात राहावं म्हणून वहीत पाचवा रकाना आखावा लागला.

''ढिम्म वजनकाटे?'' दादांनी विचारलं. ''वजनकाट्याला ढिम्म? काटा हलायला नको?''

''मालकाचं टोपणनाव आहे,'' अप्पा म्हणाले.

''आणि फणफण दवाखाना? दवाखान्याला कोणी असं नाव देतं?''

''डॉक्टर तरुण आहे.''

दादांनी उसासा टाकला, दोरीला खडू फासून पत्र्यावर रेघ उमटवली आणि लिहायला बसले. हात कापत होता. पण डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवलं आणि ब्रश पत्र्याला लागला, की तो कसा कोण जाणे शहाण्यासारखा वागायचा. ब्रश उचलला की पुन्हा कापायला लागायचा. अप्पा दारातून बघत राहायचे. 'भ'चं वळण पूर्ण होईपर्यंत त्यांचा स्वतःचा श्वास अडकून बसायचा, आणि मग वहीत 'पूर्ण' लिहिताना त्यांना इतकं बरं वाटायचं, की नोकरीत कुठल्याही फाइलीने तसं वाटायला लावलं नव्हतं.

पैशाचा प्रश्न आला नाही. बोर्ड दुकानावर लागल्याशिवाय दादा त्याविषयी बोलत नसत, ती त्यांची जुनी रीत. पण सुकायला बोर्ड गॅलरीच्या कठड्याला लागत, आणि गॅलरी रस्त्यावर होती.

पहिली आली ती छत्रीवाली बाई. अप्पांच्या दुर्दैवाने दार दादांनी उघडलं. ''अरे, ऋतुरंगचं गिऱ्हाईक इथे आलंय. पत्ता सांग त्यांना,'' त्यांनी आत हाक मारली. अप्पांनी स्वतःच निर्माण केलेल्या दुकानाचा पत्ता वहीत बघितला. तिथे 'बाजाराच्या मागे, दुपारचं ऊन, मालक सावळा' एवढंच होतं. शेवटी ''मी त्या बाजूलाच चाललोय, पोहोचवतो'' म्हणून त्यांनी छत्री ताब्यात घेतली, खऱ्या छत्रीवाल्याकडून काडी बदलून आणली आणि चौथ्या दिवशी नेऊन दिली. बाई खूश झाली. तिने दोन मैत्रिणींना सांगितलं. महिनाभरात अप्पांच्या पलंगाखाली सात छत्र्या जमल्या, आणि अप्पांच्या बायकोने, जिला सगळी इमारत काकू म्हणते, स्पष्टच विचारलं, ''तुम्ही निवृत्त झालात की नाही ते एकदा सांगा.''

काकूंना सगळं माहीत होतं. खरं म्हणजे दादा सोडून इमारतीत सगळ्यांनाच माहीत होतं, कारण अप्पांनी खबरदारी म्हणून सगळ्यांना विश्वासात घेतलं होतं. त्यामुळे गुपित राखायला पंचवीस-तीस माणसं झटत होती, आणि गुपिताची जी दशा व्हायची ती होत होती. जिन्यात भेटेल तो दादांना विचारी, ''काय दादा, खिळ्यांचं दुकान कसं चाललंय?'' आणि डोळा मारी. दादांना वाटे, आजकाल लोकांच्या डोळ्यांत फार कचरा जातो.

समोरच्या घरातले विमावाले तर पुढचं पाऊल टाकून बसले. जन्मभर विमा विकल्यामुळे दुसऱ्याच्या घरात सोफ्यावर कसं बसायचं याची त्यांना उत्तम सवय. ते एक दिवस षट्कोन खिळ्यांचे मालक म्हणूनच आले, पाय पसरून बसले आणि दादांना म्हणाले, ''लाल जरा आणखी लाल करा. आणि 'खिळे' मोठं, 'स्क्रू' लहान. स्क्रूत आता काही राहिलं नाही.'' अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दादांचा चेहरा उजळला. किती तरी दिवसांनी असं खवचट गिऱ्हाईक भेटलं होतं. त्यांनी विमावाल्यांशी अर्धा तास भांडण केलं, 'स्क्रू' होता तेवढाच ठेवला आणि संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इकडे दादा दुपारी झोपले की सुकलेल्या बोर्डांचे फोटो घेऊन लेकीचं काम भराभर पुढे जात होतं, आणि तिला फॉन्टला नाव हवं होतं. अप्पांनी सवयीने फाइलीवर लिहून दिलं होतं, 'अक्षरांबाबत'. लेक म्हणाली, हे नाव नाही, हा विषय आहे. मग 'सुंदर' घालून पाहिलं. ते आधीच कोणीतरी घेतलेलं. 'अतिसुंदर' घेतलेलं. 'सुबक', 'सुरेख', 'ठळक', सगळी घेतलेली. नावावाचून अडलंय म्हटल्यावर इमारत मदतीला धावली. विमावाले म्हणाले, ''नावातून भरवसा वाटला पाहिजे. 'भरवसा'च ठेवा.'' सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, अक्षरं सोसायटीच्या गॅलरीत सुकतात, तेव्हा सोसायटीचं नाव देणं नियमाला धरून होईल. अप्पांनी नम्रपणे नकार दिला. सेक्रेटरींना नकाराची सवय नव्हती. दुसऱ्याच दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली की राहत्या घरात कोणताही व्यवसाय करता येणार नाही, 'मग ते दुकान एक असो वा अनेक'.

''भाऊजींनाच का नाही विचारत?'' काकू म्हणाल्या. ''अक्षर त्यांचं, नाव त्यांनी ठेवावं.''

''विचारलं तर सगळं सांगावं लागेल.''

''मग सांगा.''

''सांगितलं तर तो ब्रश खाली ठेवील,'' अप्पा म्हणाले. ''आणि मग मला काहीच उरणार नाही त्याचं.''

काकूंनी अप्पांच्या ताटात भाजी वाढली.

दहा बोर्ड झाले. एकच उरला होता, अकरावा, थंडगार बर्फ. सगळ्या अक्षरांत 'थ' तेवढा बाकी. आणि इथे नेमकं गाडं अडलं. दादा पत्रा घासत, अस्तर देत, पुन्हा घासत. आज अस्तर ओलं आहे, उद्या हवा जड आहे, परवा निळा रंग मनासारखा झालेला नाही. तीन आठवडे पत्रा कोराच. अप्पांना वाटलं, याला संशय आला. त्यांनी बर्फवाल्याच्या नावाने दोनदा खोटी घाईसुद्धा केली. ''तो विचारत होता, दादा. बर्फ वितळायला लागलाय म्हणाला.'' दादा फक्त ''हं'' म्हणत आणि हात मांडीखाली दाबून बसत.

अशात नगरपालिकेची नोटीस आली.

दुकान परवाना खात्याचे एक निरीक्षक रोज त्याच रस्त्याने कचेरीत जात. त्यांनी सिग्नलला थांबल्या थांबल्या गॅलरीतले बोर्ड टिपून घेतले होते, आणि अकराव्याचं नाव खाली दाराशी बसणाऱ्या वॉचमनने आपण होऊन पुरवलं. 'सदर निवासी गाळ्यात एकूण अकरा आस्थापना विनापरवाना चालू असल्याचे निदर्शनास आले आहे.' अप्पांनी नोटीस दोनदा वाचली. बत्तीस वर्षांत त्यांनी इतरांना शेकडो मेमो दिले होते, स्वतःला एक मिळाला नव्हता. त्यांनी नेहरू शर्ट काढून इस्त्रीचा शर्ट घातला, तेव्हा काकूंना कळलं की मामला गंभीर आहे.

नगरपालिकेत खिडकीवरच्या कारकुनासमोर अप्पांनी स्वच्छ अक्षरातला अर्ज ठेवला. 'उपरोक्त सर्व दुकाने खोटी आहेत.'

कारकुनाने अर्ज वाचला आणि मान हलवली. ''खोटी हा प्रकार आमच्याकडे नाही. चालू आहेत, परवाना संपलेली आहेत, बंद केलेली आहेत. यातली कोणती?''

''बंद लिहा.''

''बंद करण्याचा अर्ज परवानाधारकाने करायचा असतो. तुमच्याकडे परवाना आहे?''

''नाही.''

''मग आधी परवाना घ्या. म्हणजे बंद करता येईल.''

''बरं, परवाना द्या.''

''त्याला जागेची पाहणी लागते.''

अप्पांना त्या माणसाचा राग येईना. त्याच्या जागी ते असते तर त्यांनी हेच आणि याच क्रमाने सांगितलं असतं. कधी नव्हे ते त्यांना, आपण जन्मभर खिडकीच्या आतून ज्यांना परत पाठवलं त्या माणसांचे चेहरे आठवले, आणि त्यांनी पाहणीच्या अर्जावर गुपचूप सही केली. एक विनंती मात्र केली. पाहणी दुपारी दोन ते चारमध्ये व्हावी, तेव्हा दादा झोपलेले असतात.

निरीक्षक सकाळी साडेदहाला आले.

आणि त्याच सकाळी दादांनी एकदाचा पत्रा पुढ्यात घेतला होता. खडूच्या रेघा मारून 'थंडगार बर्फ' हलक्या हाताने आखलेलं होतं, ब्रश भिजवलेला होता. निरीक्षक काखेत फाइल मारून आत आले, त्यांच्यामागून विमावाले, आणि विमावाल्यांच्या मागून, आपण जिन्याचे दिवे बघायला आलो आहोत असा चेहरा करून सेक्रेटरी.

''थंडगार बर्फाचे मालक कोण?'' निरीक्षकांनी विचारलं.

''मी!'' विमावाले म्हणाले.

''अहो, तुम्ही खिळेवाले ना?'' दादा म्हणाले.

''जोडधंदा आहे,'' विमावाले म्हणाले.

''बर्फ कुठे ठेवता?''

काकू म्हणाल्या, ''फ्रिजमध्ये.'' निरीक्षक स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडून पाहिला आणि फॉर्मवर लिहिलं, 'बर्फ, एक ट्रे'. त्यानंतर ते पलंगाखाली वाकले आणि छत्र्या मोजायला लागले.

''साहेब, तुमचा घोटाळा होतोय,'' दादा गॅलरीतून म्हणाले. ''ही दुकानं इथली नाहीत. हा माझा भाऊ, नुसत्या ऑर्डरी आणतो. बर्फवाला बाजारात बसतो. सांग रे साहेबांना.''

सगळे अप्पांकडे बघायला लागले. पाचव्या रकान्यात बर्फवाल्याचा पत्ता होता, ऊन होतं, रंगसुद्धा होता. अप्पांनी तोंड उघडलं. पण दादा त्यांच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते, की एवढं सोपं खोटं त्यांना बोलता येईना.

''बर्फवाला नाही, दादा.''

''नाही म्हणजे? दुकान हललं?''

''नव्हताच.''

''आणि छत्रीवाले?''

''नाही.''

''नळवाले? तो तरुण डॉक्टर?''

''कोणीच नाही.''

दादांनी ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला. खोलीत आता कोणी डोळा मारत नव्हतं. सेक्रेटरींनीसुद्धा दिव्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

''मग दीड-दोन महिने मी कोणासाठी लिहीत होतो?'' दादांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच अप्पांना सहन होईना.

''माझ्यासाठी,'' अप्पा म्हणाले. ''तुझा हात जाणार आहे, दादा. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. तू बोलला नाहीस, मीही बोललो नाही. मला तुझं अक्षर हवंय. तुझा हात थांबला तरी ते राहायला हवंय मला. बत्तीस वर्षं मी सह्या केल्या आणि फाइली पुढे ढकलल्या, त्यातली एक ओळ कोणाला आठवत नाही. तुझं अक्षर बघून माणसं दुकान शोधायची. ते असं जाऊ द्यायचं होय?'' बोलता बोलता त्यांनी बाहीने डोळे पुसले. चारचौघांत, त्यातून एका निरीक्षकासमोर आपण रडतोय याची त्यांना लाज वाटली, पण थांबता येईना.

लेकीने न बोलता संगणक आणून दादांसमोर ठेवला. पडद्यावर ओळीने त्यांची अक्षरं होती. झगमगमधला 'झ', ढिम्ममधला 'ढ', ऋतुरंगमधला 'ऋ'. मधे एकच चौकोन रिकामा. दादा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ''अप्पा, तुला धंद्याची रीत कळली नाही ती नाहीच. गिऱ्हाइकाने स्वतः यायचं असतं. मध्यस्थ पाठवायचा नाही.''

''आलोय ना आता.''

''मग मजकूर सांग.''

दादांनी फडकं घेतलं आणि पत्र्यावरचं 'थंडगार बर्फ' पुसून टाकलं. लेक हळूच म्हणाली, ''बाबा, नाव. फॉन्टचं नावच लिहू दे त्यांना. फक्त त्यात 'थ' हवा.''

अकरा दुकानांना चुटकीसरशी नावं देणारे अप्पा आता नुसते उभे राहिले. इमारतीने सुचवलेल्या नावांतलं एकही त्यांना आठवेना. समोर दादा बसले होते, हात मांडीखाली दाबून, गिऱ्हाइकाच्या मजकुराची वाट बघत.

''थोरला,'' अप्पा म्हणाले.

दादांनी वर पाहिलं नाही. ''दुसरं काही नाही सुचलं? तीन आठवडे मी याच अक्षराला टाळतोय. त्याच्या डोक्यावरची गाठ ब्रशच्या टोकावर पुरी फिरवावी लागते. तिथे काठीचा उपयोग होत नाही.''

अप्पांना तेव्हा कळलं की अस्तर ओलं नव्हतं आणि हवाही जड नव्हती. ''बदलू का?''

''तू सांग. तू गिऱ्हाईक.''

''नको,'' अप्पा म्हणाले. ''थोरलाच.''

दादांनी खडूची दोरी पुन्हा ताणली. ''किती लांबून वाचायचाय?''

अप्पांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. ''लांबून,'' एवढंच म्हणाले.

''मग जाड लिहितो.''

पत्रा हलत होता म्हणून विमावाल्यांनी एक कोपरा धरला. दुसरा कोपरा निरीक्षकांनी धरला, फाइल काखेतून खाली ठेवून. दादांनी 'थ' सोडून 'ो'पासून सुरुवात केली, मग 'र', मग 'ला'. ती तिन्ही झपझप आली. मग त्यांनी ब्रश धुतला, पुसला, पुन्हा भिजवला, आणि मोकळ्या सोडलेल्या जागेशी आले. ब्रशचं टोक हवेत थरथरत होतं. दादांनी डोळे मिटले, उघडले आणि टोक टेकवलं. गाठ निम्मी फिरली. तिथे हात एकदा जोरात उडाला, ब्रश रेषेबाहेर केसभर गेला आणि परत आला. दादा थांबले नाहीत. गाठ पुरी केली, पोट उतरवलं, दांडा ओढला आणि वर शिरोरेघ मारून ब्रश उचलला.

गाठीच्या उजव्या बाजूला एक बारीक दात राहिला होता. कोणालाही दिसला नसता. दादांना दिसला, आणि दादांना दिसला म्हणून अप्पांनाही दिसला.

''पुसून परत लिहू?'' दादांनी विचारलं. पन्नास वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणालाही विचारलेला नव्हता.

अप्पा पुढे आले. दूर उभं राहून बघितलं, जवळ येऊन बघितलं, मान एका बाजूला कलवून बघितलं, जसं गिऱ्हाइकाने बघायचं असतं तसं.

''नको,'' ते म्हणाले. ''गिऱ्हाइकाला पसंत आहे.''

दादांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला. ''मग सुकू दे,'' ते म्हणाले. ''हात लावू नका कोणी.''